दुखण्याला खतपाणी कोण घालतं, महा?

महा, अगं झालं! तुझं खरं ठरलं. काल लोहाऱ्याला तुझ्या गुरुवारच्या गटात असं काही घडलं, की परतीच्या जीपमध्ये मी एकटीच हसत सुटले आणि शेजारच्या बाईनं आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली. घरी आल्या आल्या तुला सांगायला फोन काढला, तुझ्या नावापर्यंत बोटही गेलं, आणि मग आठवलं. मागच्या आठवड्यात तुला मातीत ठेवून आलो आम्ही सगळे. तरीही मी सांगणार आहे. ही बातमी दुसऱ्या कुणाला सांगून कळायची नाही, आणि तुला सांगितल्याशिवाय ती माझ्या पोटात राहायची नाही.

रडून झालंय माझं. म्हणजे अजून पुष्कळ व्हायचंय, ते होईल. पण आज मी खुशीत आहे, आणि तुझ्यावर चिडलेलीही आहे. वाद जिंकायचा असेल तर माणसानं समोर तरी बसावं. तू जिंकलीस आणि निघून गेलीस. ही कुठली रीत?

तुमच्या लिंगायत रीतीनं तुला बसवूनच नेलं. आमच्या तुळजापूरच्या घरात असं कधी पाहिलं नव्हतं मी. कपाळभर विभूती, बेलाची पानं, आणि तू मांडी घालून ताठ बसलेली. सगळे रडत होते आणि मला वाटत होतं, आता ही डोळे उघडून म्हणणार, "उज्जे, तुझा दुसरा मुद्दा चुकीचा हाय." मी तुझ्या तोंडाकडं बघत राहिले. तू काहीच बोलली नाहीस, आणि तेव्हा मला पहिल्यांदा खरं वाटलं.

वाद तसा सोलापूरपासूनचा. मानसशास्त्रात एम.ए. करताना एका खोलीत राहायचो आपण. शेगडीवर भात ठेवायचा आणि तो शिजेपर्यंत भांडायचं, हा नेम. तुझं म्हणणं असं, की पुस्तकात प्रत्येक आजाराला वेगळं प्रकरण आहे, पण माणसं वाचायला गेलं तर तेच तेच दिसतं. भीती असलेला माणूस टाळाटाळ करतो, उदास माणूस टाळाटाळ करतो, दारू पिणाराही काहीतरी टाळायलाच पितो. "मग ह्यांनी एकदाच का न्हाय लिहिलं? कागद तरी वाचला असता!" मी म्हणायचे, परीक्षेत लिहून बघ असलं, नापास करतील. तू लिहिलंस. आणि तुला माझ्यापेक्षा बरे मार्क पडले, ते मला अजून खुपतं.

पण ते तू पुस्तकातून शिकली नव्हतीस, हे मला ठाऊक होतं. वर्गात तू कायम दाराशेजारी बसायचीस. कोंडल्यासारखं झालं, छाती धडधडली, तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून. मी आधी जाऊन रुमाल टाकून ती जागा धरून ठेवायचे. नाटकाला गेलो तर कडेची खुर्ची, एसटीत बसलो तर दारामागचं बाकडं, सगळं मी बघायचे. मैत्रिणीसाठी आपण किती करतो, अशी माझी समजूत. आणि एक दिवस तू सरळ तोंडावर म्हणालीस, "उज्जे, माझी भीती म्या एकटी न्हाय सांभाळत. तू रोज रुमाल टाकून तिला जागा धरतीस."

असा राग आला होता मला! जागा मी धरायची आणि वर हे ऐकून घ्यायचं. रागानं तो रुमाल धुवायला टाकला आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम उशिरा वर्गात गेले. बघते तर तू वर्गाच्या मधोमध बसलेली. पाठ घामानं भिजलेली, हातात पेन असं धरलेलं की आता मोडतंय. तास संपला, तू बाहेर आलीस आणि व्हरांड्यात सगळ्यांसमोर मला मिठी मारलीस. "उज्जे, काय बी झालं न्हाय! म्हंजे झालं लई, पण मेले न्हाय!" तुझा तो चेहरा मी कधी विसरणार नाही. त्या दिवशी आपण भात करपवला आणि तसाच खाल्ला.

तिथून तुझा तो प्रश्न सुरू झाला. दुखणं सुरू कशानं झालं हे हुडकत बसू नका. ते बालपणात असेल, नशिबात असेल, कुठंही असेल. आज ते कशावर तगून आहे, ते बघा. "त्याला खतपाणी कोण घालतंय?" एवढंच तू विचारायचीस. पुढं कित्येक वर्षं तुझ्यासमोर बसलेल्या प्रत्येक माणसाला, आजाराचं नाव काहीही असो, तू हाच प्रश्न विचारलास.

शिकून झाल्यावर मी तुळजापूरला आले, एका दवाखान्यात समुपदेशक म्हणून लागले. तू लोहाऱ्याला परतलीस आणि वडिलांच्या आडत दुकानामागचं गोदाम मागून घेतलंस. तूर आणि हरभऱ्याच्या पोत्यांवर लोकांना बसवून दर गुरुवारी गट घ्यायला लागलीस. गट म्हणजे काय, तर सगळी सरमिसळ! कुलूप तपासणारा, उदास झालेला, घाबरणारी, आपल्याला कॅन्सरच झालाय म्हणून दर महिन्याला रक्त तपासून घेणारी, सगळे एकत्र. मी त्याला "महानंदाची मिसळ" म्हणायचे. तू म्हणायचीस, "खाऊन बघ की मग." मी काही आले नाही. लांबून नावं ठेवणं सोयीचं असतं.

एक माणूस मात्र मीच तुझ्याकडं पाठवला. आमच्या तुळजापुरात लॉजवर मॅनेजर असलेले बंडूकाका. भक्त खोलीत सामान ठेवून दर्शनाला गेले, की काका प्रत्येक खोलीचं कुलूप ओढून बघायचे. मग जिना उतरायचे, आणि परत चढून पुन्हा ओढायचे. इथवर ठीक होतं. पण काकांना तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून ते देवळात चिंतामणीला विचारायला जायला लागले. तो गोल दगड तू पाहिलेला आहेस; हात ठेवून मनात प्रश्न धरायचा, उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही, जागेवरच राहिला तर वेळ लागेल. माणसं लग्नाचं विचारतात, नोकरीचं विचारतात. काका विचारायचे, सगळी कुलपं नीट लागलीत का. दगड उजवीकडं फिरायचा, काका समाधानानं निघायचे, आणि पायऱ्यांपर्यंत आले की शंका यायची, आपला हात नीट टेकला होता का? की परत रांगेत. ओळखीच्या गावात गटाबिटात बसायची त्यांना लाज वाटत होती, म्हणून लोहाऱ्याला यायला तयार झाले.

तुझ्याकडं आल्यावर काकांनी चिंतामणी सोडला आणि गटालाच धरलं. ह्याला विचार, त्याला विचार, "लागलं असंल न्हवं कुलूप?" माणसं भली. सगळे म्हणायचे, लागलं असंल की काका, नका काळजी करू. काकांचा चेहरा उजळायचा आणि चहा संपायच्या आत पुन्हा तोच प्रश्न. तेव्हा तू तो नियम काढलास. कुणी काही विचारलं तर एकदा नीट, खरं उत्तर द्यायचं. तोच प्रश्न पुन्हा आला, तर सगळ्यांनी मिळून एकच म्हणायचं: "म्हाईत न्हाय!"

मला हे फोनवर सांगितलंस तेव्हा मी कडाडले होते. तहानलेल्या माणसाला पाणी नाही म्हणायचं का? हा कसला उपचार? तू शांतपणे म्हणालीस, "तहान न्हाय ती उज्जे, खाज हाय. आपण सगळे मिळून त्यांना खाजवून देतोय." मी म्हटलं, हे क्रूर आहे. तू म्हणालीस, व्हय, पयल्यांदा लई क्रूर वाटतंय. आणि हसलीस. तुझं ते हसणं मला कधी कधी अजिबात सहन व्हायचं नाही.

मग तो दिवस आला, तू भर दुपारी फोन करून ओरडत होतीस तो. मागं कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता, तू त्याच्याही वर आवाज काढला होतास. तहसीलमधले कलशेट्टी भाऊसाहेब तेव्हा नुकतेच गटात आले होते. बढती हुकली, त्यांच्या मागून आलेला माणूस पुढं गेला, आणि तेव्हापासून ते डोक्यात एकच घोळवत बसलेले: माझ्याच वाट्याला हे का? घरी कुणाशी बोलणं नाही, जेवणावर लक्ष नाही. बंडूकाकांनी त्यांना विचारलं, "भाऊसाहेब, ह्या इचारातून आजवर काय निघालं का?"

भाऊसाहेब म्हणाले, "काय निघणार?"

"तरी रोज करताव?"

"आज निघंल आसं वाटतंय ना."

आणि बंडूकाका पोत्यावरून उठून उभेच राहिले म्हणे. "आवो, मग तुमी बी कुलूपच वढून बगताय की! म्या दाराचं, तुमी डोक्यातलं!"

"म्या सांगितलं न्हाय उज्जे," तू किंचाळत होतीस, "म्या एक शब्द बोलले न्हाय! त्यांचं त्यांना दिसलं! कुलूपवाल्याला उदासवाल्याचं दिसलं! आता बोल!" तुझा आवाज आनंदानं फाटत होता. खरं सांगू, त्या दिवशी मलाही अंगावर काटा आला होता. पण मी ते कशाला कबूल करते. मी म्हटलं, एका उदाहरणावरून सिद्धांत होत नाही. आणि ज्याला आवाज ऐकू येतात, ज्याला जगू नये वाटतं, त्यालाही बसवणार का तुझ्या पोत्यावर? तू लगेच म्हणालीस, त्याला डॉक्टर लागतो, गोळ्या लागतात, जवळ माणूस लागतं, ते मी कधी नाकारलं? "पण आवाजाला भिऊन तो चार भिंतीत बसतो, माणसं तोडतो. ते बी टाळणंच की. गोळी चालू असताना तेवढं तरी आपण बघू." ह्यावर मी फक्त आवाज चढवला.

तर आपलं असं चालायचं. धाराशिवला सरकारी बैठक असो की तुमच्या घरची खरवसाची वाटी, आपण जिथं भेटू तिथं हेच. आणि मग ते शेवटचं. तू म्हणत होतीस, तुळजापुरातही असा गट सुरू कर, मी येऊन बसते पहिले काही गुरुवार. मी म्हणाले, माझ्याकडं विश्वासानं येणाऱ्या माणसांवर मी प्रयोग करणार नाही. तू म्हणालीस, "प्रयोग म्हणतीस तू ह्याला?" आणि फोन बंद झाला. लोहाऱ्याला रेंज जाते, हे सगळ्या जगाला माहीत आहे. पण फोन रेंजनं गेला की तू ठेवलास? मी पुन्हा लावला नाही, तूही लावला नाहीस. आपण एरवीही असं भांडून आठवडा आठवडा गप्प बसायचो, त्यात विशेष काही नव्हतं. फक्त ह्या वेळी तो आठवडा संपायच्या आत तू गेलीस.

आता नीट ऐक, कारण इथून पुढं मी तुझ्या हातात आयतं कोलीत देणार आहे.

तुझ्या अंत्यविधीला मी अव्वांना विचारलं, ती माझ्यावर रागावली होती का? तुझी आई ती, स्वतःची लेक समोर बसवलेली, तरी माझ्या डोक्यावरून हात फिरवून अर्ध्या कानडीत म्हणाल्या, "इल्लव्वा, रागबिग काय न्हाय." मला इतकं बरं वाटलं! नळदुर्ग येईपर्यंत बरं वाटलं. मग मनात आलं, अव्वांना काय माहीत असणार? म्हणून तुझ्या भावाला फोन केला. तो म्हणाला, छे, ताई कशाला रागावेल. पुन्हा बरं वाटलं, स्वयंपाक होईपर्यंत. मग तुझ्या गटातल्या शेषाबाईंना फोन केला, तुझ्याकडून त्यांचा नंबर कधीतरी घेतला होता म्हणून. त्याही नाही म्हणाल्या. मधल्या वेळात फोन उघडून तो शेवटचा कॉल बघायचे. त्यात काय दिसणार होतं मला? वेळ दिसत होती, तुझं नाव दिसत होतं. तरी बघायचे. आणि काल सकाळी लोहाऱ्याला निघताना एसटीत बंडूकाका भेटले, शेजारी बसले, तर त्यांनाही विचारलं. काका नुसते खिडकीबाहेर बघत राहिले.

मी काल गट बंद करायला चालले होते, महा. तुला आवडायचं नाही, पण तू नसताना हा गट कोण घेणार? तुझ्या जागेवर बसायची माझी छाती नव्हती, आणि खरं तर पटतही नव्हतं. कुणाला कुठं पाठवायचं ते मी मनात ठरवलं होतं. बंडूकाका माझ्याकडं, भाऊसाहेब सोलापूरला, शेषाबाई धाराशिवला. ज्याचं त्याला, नीट, वेगवेगळं. नळदुर्गला उतरून काळीपिवळी जीपमध्ये बसले, तेव्हाही मनात भाषणच घोळवत होते.

गोदामात शिरले तर सगळे आलेले. एकही पोतं रिकामं नाही. अव्वाही येऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. आणि मधोमध शेगडी, शेगडीवर कुकर!

शेषाबाईंचं तू मला सांगितलं होतंस. माहेर तेरखेड्याचं, लहानपण फटाक्यांच्या वाती वळण्यात गेलं, सुतळी बॉम्ब वाजला तरी मान वळवायच्या नाहीत. आणि बाळंतपणानंतर कधीतरी, कारण कुणाला सापडलं नाही, मोठ्या आवाजाची अशी धास्ती बसली की घरातला कुकर माळ्यावर गेला. लग्नसराईत मागच्या दारानं शेतात जाऊन बसायच्या. नवऱ्यानं कौतुकानं दारांना जाड पडदे लावून दिले, आणि धास्ती आणखी वाढली. तू त्यांना म्हणाली होतीस म्हणे, येत्या गुरुवारी कुकर घेऊन या, सगळ्यांसमोर वरण लावू. तू नव्हतीस, पण गुरुवार आला होता, म्हणून त्या कुकर घेऊन आल्या होत्या.

मी उभी राहिले, घसा खाकरला. "तुम्हा सगळ्यांना एक सांगायचंय..."

"ताई, थांबा जरा," शेषाबाई म्हणाल्या. "आदी शिट्टी हूं द्या."

मी बसले. दुसरं काय करणार? पूर्ण गोदाम कुकरकडं बघत बसलं. कुकर फुसफुसायला लागला तशी शेषाबाईंनी पोत्याची कड घट्ट धरली. चेहरा पांढरा पडला, ओठ हलायला लागले. माझ्या तोंडावर आलं होतं, काही होत नाही हो, मी आहे ना! बंडूकाकांनी माझ्याकडं असं रोखून बघितलं की शब्द परत गिळले. आणि झाली शिट्टी. शेषाबाई जागच्या जागी उडाल्या. डोळे मिटले. दाराकडं बघितलं. उठल्या नाहीत. कुणी धीर दिला नाही, कुणी पाणी दिलं नाही, फक्त सगळे त्यांच्याबरोबर बसून राहिले. दुसरी शिट्टी झाली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण डोळे उघडे होते. पुढच्या शिट्टीला त्या हसल्या! अगं, तोंडावर हात घेऊन, पदर ओला करत हसल्या. "फटाक्याच्या गावची पोर म्या! कुकरला भ्यायले होते वो!"

मला राहवेना. मीच रडायला लागले. तू हे बघायला हवी होतीस, तुझ्याशिवाय हे कसं झालं, सगळं एकदम भरून आलं, आणि मी अव्वांकडं वळून म्हटलं, "अव्वा, ती माझ्यावर रागावली नव्हती ना हो?"

अव्वांनी तोंड उघडलं. इल्लव्वा म्हणणारच होत्या. शेषाबाईंनी डोळे पुसता पुसता त्यांचं मनगट धरलं.

"अव्वा, सांगू नगा. ताईनी मला बी फोनवर ह्येच इचारलंय."

"मला सकाळी येस्टीत," बंडूकाका म्हणाले.

"मला तर मातीच्या दिशी," अव्वा म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "अय्यो."

सगळं गोदाम माझ्याकडं बघायला लागलं. मी दवाखान्यात नोकरी करणारी, मानसशास्त्रात एम.ए., कुठल्याही आजाराच्या प्रकरणात न बसणारी. आणि माझ्याकडं ते ज्या नजरेनं बघत होते, ती कीव नव्हती गं. ती ओळख होती. आपल्यातलीच हाय की ही, अशी. तेवढ्यात भाऊसाहेब, जे कधी स्वतःहून बोलत नाहीत, ते अगदी हळू, जवळजवळ प्रेमानं म्हणाले, "म्हाईत न्हाय."

मग बंडूकाका. मग शेषाबाई. मग रक्त तपासून घेणाऱ्या बाई. आणि मग सगळे एकदम, पोत्यांवरची धूळ उडेल इतक्या मोठ्यानं, "म्हाईत न्हाय!" आणि सगळ्यांत शेवटी, भिंतीला टेकलेल्या तुझ्या अव्वा, डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, कानडीत तेच, "गोत्तिल्लव्वा! मलाबी गोत्तिल्ल!"

महा, काय सांगू तुला! पहिल्यांदा कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. कानशिलं तापली. आणि मग काय झालं कोण जाणे, मी फस्सकन हसले. कारण मला दिसलं! कुलूप वढून बघणारी तिसरी मी! बंडूकाकांचा चिंतामणी आणि माझा तो शेवटचा कॉल, काही फरक होता का त्यात? मी एवढे दिवस समजत होते की हे माझं तुझ्यावरचं प्रेम आहे. प्रेम होतंच. पण त्या प्रेमाच्या दुःखाला मी रोज उठून खतपाणी घालत होते, गावभर फिरून घालत होते, तुझ्या आईच्या हातून घालून घेत होते. तू म्हणायचीस सगळ्या आजारांत हे सारखं असतं. तू कमीच म्हणालीस. आजार नसलेल्यांतही आहे की ते! तुझा सिद्धांत तुझ्यापेक्षा मोठा निघाला, आणि तो सिद्ध करायला मीच सापडले. हसशील, हस. आज तुझं हसणं सहन करते.

आणि ते क्रूर नव्हतं. हे मला तिथं बसल्याशिवाय कधीच कळलं नसतं. उत्तर न मिळणं एकट्यानं सोसणं वेगळं, आणि इतक्या माणसांनी आपल्याबरोबर ते न मिळणं वाटून घेणं वेगळं. तू हे शब्दांत कधी सांगितलं नाहीस. की सांगितलंस आणि मी आवाज चढवला?

मग आम्ही ते वरण भातावर घेऊन खाल्लं. मीठ जास्त झालं होतं. शेषाबाईंनी विचारलं, "ताई, फुडच्या गुरवारी काय करायचं?" आणि मी, जी गट बंद करायला आले होते, मी म्हणाले, "बंडूकाका, पुढच्या गुरुवारी तुम्ही एका खोलीला एकदाच कुलूप लावून यायचं, आणि इथं बसून सांगायचं कसं वाटतंय ते." काकांनी कपाळावर हात मारला. म्हणजे ठरलं. मी येतेय दर गुरुवारी. तुझ्या पोत्यावर नाही, शेजारच्या पोत्यावर बसते. तुळजापुरात तसा गट सुरू करायचा का, ते अजून मला शंभर टक्के पटलेलं नाही, आणि तू नाहीस म्हणून मी माझे मुद्दे मागे घेणार नाही. विशेषतः व्यसनाच्या बाबतीत तुझं सगळं बरोबर नव्हतं. त्यावर बोलूच.

पण एक राहिलं, आणि ते तुला सांगितल्याशिवाय हे संपायचं नाही. मला सोडायला अव्वा जीपपर्यंत आल्या. गुडघे दुखतात, तरी आल्या. जीपवाला माणसं भरायची म्हणून थांबला होता. अव्वांनी माझा हात हातात घेतला आणि इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "उज्जव्वा, आजवर तुला बरं वाटावं म्हणून इल्ल म्हणले म्या. पण त्यो फोन झाला तवा म्या तितंच बसले होते. काय झालं ते मला ठावं हाय. सांगू?"

तुझ्यासारखेच डोळे आहेत गं त्यांचे. एवढे दिवस जे उत्तर मी दारोदार मागत होते, ते खरंखुरं, एकदाचं, समोर उभं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "नको अव्वा. गुरुवारी येते."

जीप निघाली. मी हसत होते ते तेव्हाच.

आता सांग, हे काय झालं? मी उत्तराशिवाय राहायला शिकले, की उत्तराला भिऊन ते टाळलं? मी म्हणते, शिकले. तू म्हणशील, टाळलंस, आणि वर तुझाच नियम काढशील, एकदा तरी खरं उत्तर ऐकायचं असतं म्हणून. भारी मुद्दा आहे, मला मान्य आहे, पण मी हरलेली नाही. भांडायला ये. रागावलेली असशील तर रागावूनच ये. गुरुवारी मी गोदामात आहे.